झालेला डाव पुन्हा मांडताना: एका स्पर्धात्मक डावाचा अभ्यास कसा करावा

बुद्धिबळातल्या मोठ्या खेळाडूंचे डाव आज कुणालाही सहज मिळतात. लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ उघडायचं, डाव शोधायचा आणि बाणाचं बटण दाबत राहायचं. पन्नास चाली दोन मिनिटांत संपतात. बाजूला इंजिनाची, म्हणजे चाली जोखणाऱ्या संगणक-प्रणालीची, पट्टी वरखाली होत असते, तिच्याकडे बघून आपणही ‘इथं चुकला’ म्हणून मोकळे होतो. एवढ्यानं डाव बघून होतो, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. डाव अंगात मुरायचा असेल तर पुढची चाल झाकलेली हवी आणि तिच्या जागी आपण कोणती चाल केली असती ते कागदावर लिहिलेलं हवं. लिहिलेली चाल मागे घेता येत नाही, आणि शिकायला मिळतं ते त्याच क्षणी. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच्याभोवती फिरतं.

नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून एक खरा डाव घेऊ: होजे राऊल कापाब्लांका (पांढरे) विरुद्ध साविएली तार्ताकोव्हर (काळे), न्यूयॉर्क, १९२४.

डाव निवडताना

सुरुवातीला बहुतेक जण वजिराचं बलिदान असलेले झगमगीत डाव निवडतात. ते बघायला सुंदर असतात, पण अभ्यासाला फारसे सोयीचे नाहीत. बलिदानाची चाल एकदा कळली की उरलेल्या डावात विचार करायला कमी जागा राहते. मी सुचवेन तो डाव असा: सावकाश वेळेच्या स्पर्धेतला, एका बाजूची योजना स्पष्ट दिसणारा आणि डावअखेरीपर्यंत गेलेला. डावअखेरीत पटावर मोहरे कमी असतात, त्यामुळे आपल्यालाही शेवटपर्यंत हिशोब करता येतो.

१९२४ ची न्यूयॉर्कची स्पर्धा या दृष्टीनं फार समृद्ध आहे. अकरा खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव. माजी जगज्जेता इमानुएल लास्कर पंचावन्नच्या वयात २० पैकी १६ गुण मिळवून पहिला आला, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका साडेचौदा गुणांवर दुसरा आणि पुढे जगज्जेता झालेला अलेखाइन तिसरा. याच स्पर्धेत रिखार्ड रेटीनं कापाब्लांकाला हरवलं. आठ वर्षांत कापाब्लांका एकही डाव हरला नव्हता, त्यामुळे ती मोठी बातमी झाली. शिवाय स्पर्धेतल्या सगळ्या डावांवर स्वतः अलेखाइननं टिपा लिहिल्या आहेत. म्हणजे आपला अभ्यास झाल्यावर ताडून बघायला त्याच स्पर्धेत खेळलेल्या माणसाचं मत उपलब्ध आहे.

तयारी

खरा पट घ्या. स्पर्धेत खेळताना पट समोर असतो, स्क्रीन नसते. डोळ्यांना तीच सवय हवी. एक वही, पेन्सिल आणि चाली झाकायला जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा. चाली टिपांशिवायच्या हव्यात. पीजीएन (डावाच्या चालींची मजकूर फाइल) उतरवून घेत असाल तर त्यातले उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्हसुद्धा काढून टाका. उद्गारचिन्ह म्हणजे चांगली चाल; चालीपुढे अशी दोन चिन्हं दिसली की मेंदू शोधणं थांबवतो आणि कौतुक करायला लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

चाली खाली दिल्या आहेत. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. अक्षर नसेल तर चाल प्याद्याची. पटावरच्या उभ्या ओळी म्हणजे फाइल, त्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८. ‘ह एफ-बी१’ म्हणजे एफ फाइलवरचा हत्ती बी१ला. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल). आकड्यापुढे … असेल तर ती चाल काळ्याची. खरं तर आधी खालचा परिच्छेद समजून न वाचता वहीत आंधळेपणानं उतरवून घ्या आणि पुढे गरजेप्रमाणे एकेक ओळ उघडा.

१. डी४ ई६ २. घो एफ३ एफ५ ३. सी४ घो एफ६ ४. उं जी५ उं ई७ ५. घो सी३ ०-० ६. ई३ बी६ ७. उं डी३ उं बी७ ८. ०-० व ई८ ९. व ई२ घो ई४ १०. उं×ई७ घो×सी३ ११. बी×सी३ व×ई७ १२. ए४ उं×एफ३ १३. व×एफ३ घो सी६ १४. ह एफ-बी१ ह ए-ई८ १५. व एच३ ह एफ६ १६. एफ४ घो ए५ १७. व एफ३ डी६ १८. ह ई१ व डी७ १९. ई४ एफ×ई४ २०. व×ई४ जी६ २१. जी३ रा एफ८ २२. रा जी२ ह एफ७ २३. एच४ डी५ २४. सी×डी५ ई×डी५ २५. व×ई८+ व×ई८ २६. ह×ई८+ रा×ई८ २७. एच५ ह एफ६ २८. एच×जी६ एच×जी६ २९. ह एच१ रा एफ८ ३०. ह एच७ ह सी६ ३१. जी४ घो सी४ ३२. जी५ घो ई३+ ३३. रा एफ३ घो एफ५ ३४. उं×एफ५ जी×एफ५ ३५. रा जी३ ह×सी३+ ३६. रा एच४ ह एफ३ ३७. जी६ ह×एफ४+ ३८. रा जी५ ह ई४ ३९. रा एफ६ रा जी८ ४०. ह जी७+ रा एच८ ४१. ह×सी७ ह ई८ ४२. रा×एफ५ ह ई४ ४३. रा एफ६ ह एफ४+ ४४. रा ई५ ह जी४ ४५. जी७+ रा जी८ ४६. ह×ए७ ह जी१ ४७. रा×डी५ ह सी१ ४८. रा डी६ ह सी२ ४९. डी५ ह सी१ ५०. ह सी७ ह ए१ ५१. रा सी६ ह×ए४ ५२. डी६, काळ्यानं डाव सोडला.

पहिला फेरा: न थांबता

पहिल्यांदा पूर्ण डाव पटावर खेळून काढा. पंधरा-वीस मिनिटं लागतील. कुठेही थांबू नका, पर्याय शोधू नका. हेतू एवढाच की डावाचा आकार कळावा: सुरुवात कशी होती, वजीर कधी गेले, शेवट कशामुळे झाला. झाल्यावर पट बंद करून तीन-चार ओळी लिहा. या डावाबद्दल साधारण असं काही लिहिलं जाईल: काळ्यानं डच बचाव (एफ प्यादं दोन घरं पुढे टाकणारी सुरुवात) घेतला, पांढऱ्याची सी फाइलवर दुहेरी प्यादी झाली, पंचविसाव्या चालीच्या आसपास वजीर आणि एकेक हत्ती बदलले गेले, मग हत्तीच्या डावअखेरीत पांढऱ्यानं प्यादी दिली आणि राजा पुढे नेला.

एवढं लिहिता आलं नाही तर पुन्हा एकदा डाव फिरवा. आकार डोक्यात नसताना दुसऱ्या फेरीत उतरलात तर प्रत्येक चाल सुटी सुटी दिसेल. काहींना हा फेरा नको वाटतो, कारण पुढच्या चाली आधीच कळतात. पन्नास चालींतल्या नेमक्या चाली एका वाचनात लक्षात राहत नाहीत. फारच स्मरणशक्ती असेल तर दोन फेऱ्यांमध्ये आठवडा जाऊ द्या.

दुसरा फेरा: चाल झाकून

आता जिंकलेल्या खेळाडूची बाजू घ्या. पुठ्ठ्यानं चाली झाका आणि प्रत्येक वेळी पांढऱ्याची चाल स्वतः ठरवून वहीत लिहा, मगच ओळ उघडा. काळ्याची चाल जशी आहे तशी पटावर करा.

पहिल्या नऊ-दहा चाली ओळखत बसू नका, तो भाग ओपनिंगचा, म्हणजे ठरावीक सुरुवातीचा आहे. बाराव्या चालीपासून सुरुवात करा. साध्या चालीला दोन मिनिटं पुरेत, मारामारीच्या किंवा प्यादं पुढे ढकलण्याच्या चालीला पाच. चालीशेजारी कारण लिहा, एकच ओळ, पण लिहाच. ‘चांगली वाटली’ हे कारण धरायचं नाही. ‘काळ्याचा घोडा ए५हून सी४ला येणार, त्याआधी मला दुसऱ्या बाजूला काहीतरी उघडायला हवं’ हे कारण आहे.

गुण द्यायचे असतील तर साधी पद्धत ठेवा: चाल आणि कारण दोन्ही जुळलं तर दोन, चाल वेगळी पण विचार त्याच दिशेचा असेल तर एक. नुसती चाल जुळली आणि कारण भलतंच निघालं तर शून्य. हा शून्य लोकांना खटकतो, पण तोच सगळ्यात जास्त शिकवतो. अपघातानं बरोबर आलेली चाल पुढच्या डावात येणार नाही.

या डावात दोन्ही बाजूंना काय हवं आहे ते बाराव्या ते चोविसाव्या चालीदरम्यान ठरतं. काळ्यानं एफ३वरचा घोडा मारून आपला उंट दिला, त्यामुळे पुढे पांढऱ्याचा उंट विरुद्ध काळ्याचा घोडा असा सामना झाला. काळ्याचा विचार सरळ आहे: पांढऱ्याची सी फाइलवरची प्यादी कमजोर आहेत, घोडा ए५ला आणू आणि त्यांच्यावर बसू. पांढऱ्याला ती प्यादी कायमची राखणं अवघड आहे. म्हणून तो ई४, जी३, रा जी२, एच४ असं करत दुसऱ्या बाजूला सरकतो. एकविसाव्या-बाविसाव्या चालीला जी३ आणि रा जी२ या दोन शांत चाली ओळखता आल्या तर स्वतःला शाबासकी द्या. तिथं शह नाही, धमकी नाही, फक्त पुढे एच४-एच५ करून एच फाइल उघडली की हत्ती थेट एच१ला येईल, ही तजवीज आहे. एकोणतिसाव्या चालीला ए१वरचा हत्ती अख्खी पहिली रांग ओलांडून एच१ला येतो, तेव्हा राजाची ती चाल कशासाठी होती ते कळतं.

थांबण्याच्या जागा कशा ओळखायच्या

प्रत्येक चालीवर अर्धा तास घालवायला कुणाकडे वेळ नसतो, आणि तशी गरजही नाही. एका डावात चार-पाच जागा निर्णायक असतात. मोहरे बदलण्याआधीची चाल, प्याद्यांची रचना कायमची बदलणारी चाल, राजा चालायला लागतो ती चाल आणि आपली लिहिलेली चाल खेळाडूच्या चालीपासून फारच लांब पडते ती जागा. या ठिकाणी घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटं बसा, मोहरे न हलवता विचार करा आणि निदान तीन चालींचा तरी विचार करून पर्याय लिहा.

या डावात मी थांबेन त्या जागा: चोविसावी चाल, जिथं सी×डी५नंतर वजीर आणि हत्ती बदलले जातात; तिसावी, जिथं हत्ती सातव्या रांगेत जातो; चौतिसावी आणि पस्तिसावी, एकत्र; आणि एकोणचाळिसावी.

एका जागी खोलवर: चाल ३४ ते ३९

या सहा चालींना एक अख्खी संध्याकाळ द्या. पस्तिसाव्या चालीवर जगभरच्या प्रशिक्षकांनी मुलांना बसवलं आहे, ते उगाच नाही.

तेहतिसाव्या चालीनंतरची स्थिती मांडा. पांढरा: राजा एफ३, हत्ती एच७, उंट डी३, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा: राजा एफ८, हत्ती सी६, घोडा एफ५, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, जी६. पांढऱ्याची चाल.

इथं कापाब्लांका आपला उंट देऊन घोडा घेतो. उंट चांगला, तो का द्यायचा, असं वाटणं स्वाभाविक आहे. मग बोटानं मोजा: एफ५वरचा घोडा कोणकोणती घरं धरतो? डी४वर हल्ला, एच६ आणि जी७ राखलेली, आणि जी३ व एच४ हीसुद्धा. पुढच्या दोन चालींत पांढरा राजा नेमका कुठे जातो? जी३ आणि एच४. घोडा पटावर असता तर हा रस्ताच बंद होता. ज्यानं हे आधी शोधलं त्याला पस्तिसावी चाल निम्मी सापडली.

आता ३४. उं×एफ५ जी×एफ५ झालं. काळ्याचा हत्ती सी६वरून सी३च्या प्याद्यावर नजर ठेवून आहे. पर्याय लिहायला बसलात की पहिला विचार ‘सी३ कसं वाचवू’ असाच येतो. वहीत एकेक करून तपासा. ह एच३? मध्ये एफ३वर आपलाच राजा उभा आहे, हत्तीचा जोर सी३पर्यंत पोहोचतच नाही. रा ई२ किंवा रा ई३? सी३ला आधार मिळत नाही, ई३वर तर मारताना वर शहही बसतो. सी४? तिथंही ते मारलं जातं. सी३ एका चालीत राखताच येत नाही, हे एकदा कागदावर सिद्ध झालं की प्रश्न बदलतो: प्यादं जाणारच असेल तर त्या वेळात मी काय करून घेऊ?

३५. रा जी३! राजा प्याद्याकडे पाठ फिरवून पुढे निघतो. ३५…ह×सी३+ ३६. रा एच४. इथं थांबून काळ्याचा खेळ स्वतः खेळून बघा. एक धूर्त कल्पना सुचायला हवी: ३६…ह सी१, म्हणजे मागून एच१ला येऊन शह द्यायचा आणि हत्ती बदलायचा. हिशोब करा. ३७. रा एच५ ह एच१+ ३८. रा जी६ ह×एच७ ३९. रा×एच७. हत्ती गेले, पण पांढरा राजा एच७वर बसून जी६, जी७, जी८ ही तिन्ही घरं राखतो, जी५चं प्यादं सरळ धावत सुटतं आणि काळ्याची प्यादी फार मागे राहतात. ३९…सी५ ४०. जी६ सी×डी४ ४१. जी७+ आणि पुढच्या चालीला वजीर. त्याच स्थितीत पांढऱ्यानं घाईनं ३७. जी६ केलं तर? ३७…ह एच१+ ३८. रा जी५ ह×एच७ ३९. जी×एच७ रा जी७, आणि ते प्यादं अडकलं. योजना तीच, क्रम बदलला की हिशोब बदलतो. हा फरक स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तार्ताकोव्हरनं ३६…ह एफ३ खेळून एफ४वर हल्ला केला. आता ३७. जी६! प्यादं पुढे गेलं आणि जी५ हे घर राजासाठी रिकामं झालं. ३७…ह×एफ४+ ३८. रा जी५. दोन प्यादी गेली, दोन्ही शहासकट. पटावर मोजलंत तर काळ्याकडे पाच प्यादी, पांढऱ्याकडे तीन. तरीही हत्तीवर हल्ला आहे आणि राजाला एफ६ खुणावतं आहे.

काळ्यानं डी४चं प्यादंही का घेतलं नाही? ३८…ह×डी४ ३९. रा एफ६, धमकी ह एच८ मात. ३९…रा जी८ केलं तर ४०. ह डी७! आता धमकी ह डी८ मात, आणि काळ्याचा हत्ती कुठेही गेला तरी ती टळत नाही. ई४ला जाऊन ई८वर आडवा आला तर तिथंच मारून मात. ३९…रा ई८ केलं तर ४०. ह एच८+ रा डी७ ४१. जी७, प्यादं थांबवायला काळ्याला हत्ती द्यावा लागतो. या चाली पटावर एकदा हलवून बघा, मग मोहरे परत मांडून डोळ्यांनीच पुन्हा बघा.

म्हणून हत्ती ई४वर गेला. तिथं डी५ आणि एफ५ ही दोन्ही प्यादी त्याला राखतात. आणि इथं डावातली मला सगळ्यात आवडणारी चाल येते. पांढरा राजा जी५वर, शेजारी एफ५वर काळ्याचं फुकटचं प्यादं. आधीच दोन प्यादी कमी. तरी कापाब्लांका ते घेत नाही: ३९. रा एफ६. काळ्याचंच एफ५चं प्यादं राजाच्या डोक्यावर छत्रीसारखं राहतं. एफ फाइलवरून शह देता येत नाहीत. ते घेतलं असतं तर काळा हत्ती डी४ खाऊन लगेच एफ४वर शह द्यायला मोकळा झाला असता. तीन चालींनंतर, काळा हत्ती आठव्या रांगेत बचावाला अडकला की मग ४२. रा×एफ५. तोवर घाई नाही.

इथून पुढचं सगळं भराभर जातं. पांढरा सी७, एफ५, ए७, डी५ अशी प्यादी वेचतो आणि डी प्यादं पुढे काढतो.

हरलेल्याच्या खुर्चीत

तिसरा फेरा काळ्याच्या बाजूनं. हा फेरा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तिथंच अभ्यास अर्धा राहतो. काळ्याच्या प्रत्येक चालीला विचारा: याला काय हवं होतं? तार्ताकोव्हर मोठा खेळाडू होता, त्याच्या चाली मूर्खपणाच्या नाहीत. ३०…ह सी६ला सबळ कारण आहे: एच७वरच्या हत्तीनं सी७वर हल्ला केला आहे, ते प्यादं राखलं जातं आणि उलट सी३वर हल्ला होतो. एक चाल, दोन कामं. एकतिसाव्या चालीला त्यानं सी३ लगेच का घेतलं नाही तेही बघा: ३१…ह×सी३ ३२. उं×जी६, आणि पांढऱ्याकडे एफ आणि जी अशी शेजारशेजारची दोन मोकळी प्यादी, म्हणजे वाटेत काळं प्यादं नसलेली, उरतात.

काळ्याच्या बाजूनं एक जागा शोधा, जिथं तुम्ही वेगळं खेळला असतात, आणि तिथून किमान पाच चालींपर्यंतचा पर्याय लिहा. तो बरोबर असायलाच हवा असं नाही, पूर्ण असायला हवा.

आधी माणसाच्या टिपा, मग इंजिन

आता अनुभवी खेळाडूनं लिहिलेल्या टिपा वाचा. त्यात योजना असतात, भीती असते, घड्याळाचा दाब असतो. तुमच्या वहीतल्या कारणांशी त्या ताडून बघा. मतभेद झाला तर लगेच शरण जाऊ नका. जुन्या टिपाकारांच्याही चुका सापडलेल्या आहेत.

इंजिन सगळ्यात शेवटी. आणि त्याच्याकडे प्रश्न घेऊन जायचं, पूर्ण डाव त्याच्या हवाली करायचा नाही. लिचेसवर स्वतःची स्टडी (डाव आणि टिपा साठवायची जागा) उघडा, डाव त्यात भरा, इंजिन बंद ठेवून तुमचे पर्याय त्यात उपशाखा म्हणून टाका. मग ज्या दोन-तीन जागांवर तुमचं ठाम मत झालं आहे तिथंच इंजिन चालू करा, एकाऐवजी तीन ओळी दाखवायला सांगा आणि कोणाचं किती वरचढ ते सांगणारा आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. आकडा तुमच्या मताविरुद्ध आला तर त्याची चाल पटावर करा, तुमचं उत्तर शोधा, मग पुन्हा त्याची चाल. तुमची कल्पना नेमकी कोणत्या चालीवर पडते ते सापडेपर्यंत हे चालू द्या. ‘प्लस दोन’ एवढं वाचून उठलात तर काहीच कळलेलं नसतं.

इंजिनाचा अजून चांगला उपयोग म्हणजे त्याच्याशी खेळणं. तेहतिसाव्या चालीनंतरची स्थिती लावा, पांढरे घ्या आणि जिंकून दाखवा. क्लबमध्ये जोडीदार असेल तर त्याच्याशी दोन्ही बाजूंनी, पंधरा-पंधरा मिनिटांचं घड्याळ लावून.

आणि शेवटची स्थिती बघा: पांढऱ्याचे राजा, हत्ती, डी६ आणि जी७ची प्यादी; काळ्याचे राजा, हत्ती आणि बी६चं प्यादं. एकूण सात मोहरे. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची उत्तरं टेबलबेस नावाच्या संगणकीय संग्रहात पक्की काढून ठेवलेली आहेत आणि लिचेसवर ती फुकट बघता येतात. तार्ताकोव्हरनं डाव सोडला ती स्थिती तिथं लावा आणि काळ्याच्या प्रत्येक चालीला काय होतं ते बघा. त्याआधी स्वतःचं उत्तर लिहायला विसरू नका.

वहीत काय ठेवायचं

एका डावाला वहीची दोन पानं पुरतात. निर्णायक जागांची आकृती काढा, छापून चिकटवली तरी चालेल. आकृतीखाली तुमची चाल, तुमचं कारण, खरी चाल, खरं कारण. पानाच्या तळाशी या डावापुरतं एक-दोन वाक्यांत काय सापडलं ते. ‘राजा सक्रिय ठेवावा’ असं मोघम लिहू नका, ते सगळ्यांना माहीत असतं. ‘हत्तीच्या डावअखेरीत समोरच्याचं प्यादं माझ्या राजाला शहांपासून आडोसा देत असेल तर ते लगेच मारू नये, कापाब्लांका, चाल ३९’ असं लिहा. महिन्याभरानं फक्त आकृत्या बघून चाली आठवतात का ते तपासा. ज्या आठवत नाहीत त्या पुन्हा मांडा.

एवढं सगळं करायला तीन-चार संध्याकाळी जातात. महिन्याला असे दोन डाव झाले तरी पुष्कळ आहेत.

स्वतःच्या डावासाठी

हीच पद्धत स्वतःच्या डावाला लावताना दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे तुम्हाला खऱ्या चालींबरोबर त्या वेळचा विचारही माहीत असतो, आणि तो फार लवकर विरतो. म्हणून डाव संपल्यावर त्याच संध्याकाळी, इंजिन उघडण्याआधी, आठवेल ते लिहून काढा: कुठे घाबरलात, कुठली चाल दिसलीच नाही, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे बघून मत बदललंत. रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या स्पर्धेत चालींची नोंद सक्तीची नसते; तिथले डाव घरी येताना बसमध्येच आठवून लिहिले तर बरेचसे वाचतात.

दुसरं, वेळ. क्लासिकल, म्हणजे सावकाश वेळेच्या डावात स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) चालींबरोबर घड्याळातली वेळ लिहायला नियमानं मुभा आहे, फक्त चाल खेळण्याआधी लिहून ठेवता येत नाही. दर चार-पाच चालींनी शिल्लक मिनिटं टिपत जा. अभ्यासाला बसलात की कुठल्या साध्या चालीला वीस मिनिटं गेली आणि कुठली निर्णायक चाल वीस सेकंदांत झाली, हे त्या आकड्यांवरून लगेच दिसतं. पुठ्ठा आधी त्या चालींवर ठेवा.